मिरचीचे हात

तुमच्या घरातली बाई खळखळून हसता हसता मध्येच पाय का आवळून घेते, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे का?

नसेलच विचारलं. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर बाई आहे. शिंक आली की माझी आई भिंत धरायची, हे मला लहानपणापासून दिसत होतं. पण शिंकेचा आणि भिंतीचा काय संबंध, असा प्रश्न मला पडला नाही. ज्या एका माणसाला तो पडायचा, आणि पडला की चारचौघांत, भाजी घेता घेता, विचारल्याशिवाय ज्याला राहवत नसे, ते माणूस म्हणजे नंदुरबारची माझी घरमालकीण.

मी तिला बाई म्हणायचे. गल्ली तिला डॉक्टरीण म्हणायची, पण ती डॉक्टर नव्हती, फिजिओथेरपिस्ट होती. जन्मभर दवाखान्यात लोकांचे गुडघे आणि कंबरा हलवून ती निवृत्त झाली होती. बाळंतपणाच्या बायकांचं काम तिच्याकडे कुणी दिलं नव्हतं, तिनंच ते ओढून घेतलं होतं. कंबर दाखवायला आलेल्या बायका सगळं सांगून झाल्यावर जाता जाता दारात थांबतात, पदराशी चाळा करतात आणि काही न बोलता निघून जातात, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती दारात थांबलेल्या बाईला परत आत बोलवायची. "खुर्चीत बसते ती नुसती कंबर असते गं," ती मला म्हणायची. "पेशंट दारात उभी असते."

मी खोली बघायला गेले त्या दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं नाही. आपल्याकडे खोली देताना आडनाव न विचारणारा माणूस भेटला की मी मनातल्या मनात त्याला सलाम करते. पण सलाम पुरा व्हायच्या आत तिनं विचारलं, "रात्री लघवीला उठतेस का?"

"काय?"

"संडास खाली आहे, जिना अंधारा आहे. म्हणून विचारते. उठतेस?"

"नाही."

"छान. आणि हसताना?"

"हसताना काय?"

"काही नाही. वय लहान आहे तुझं," असं म्हणून तिनं माझ्या हातात किल्ली ठेवली.

माझे वडील सभांमधून पत्रकं आणायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि पुढची बाजू वाचून मोठी झाले. तेव्हा मी नंदुरबारला एका लहानशा संघटनेसाठी मजूर बायकांची पत्रकं लिहीत होते. शोषण, हक्क, सन्मान हे शब्द माझ्या पेनातून आपोआप उतरायचे. बाई ती पत्रकं चष्मा कपाळावर चढवून वाचायची आणि एकच विचारायची, "ह्यात कुणाच्या कमरेखालचं काही आहे का?" नसायचं. मग ती कागदाची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवून द्यायची.

कापडी पिशवीत ओटीपोटाच्या हाडांचा एक प्लास्टिकचा सांगाडा घालून ती गावभर हिंडे. त्याला खालून तिनं जुन्या लुगड्याची झोळी शिवली होती. हाडांच्या कड्यात खालच्या बाजूला स्नायू असे ताणून बांधलेले असतात, हे दाखवायला. "आपण पोराला झोळीत टाकतो ना, तशीच ही आतली झोळी. मूत्राशय हिच्यावर, गर्भाची पिशवी हिच्यावर, आणि नऊ महिने रोज जड होत जाणारं पोरगं, तेही हिच्यावर." शहाद्याच्या बसमध्ये एकदा कंडक्टरनं पिशवीत डोकावून घाबरत विचारलं, "माय, हाई काय शे?"

"हाई तू शेस," ती म्हणाली. "कंबरखालना."

त्यानं पुढे पिशवीकडे पाहिलं नाही, पण बाई उतरताना हळूच म्हणाला, "माय, मन्ही बायको पोटवर शे. तिले कंबर दुखस. काय करू?" बस थांबवून ठेवून बाईनं त्याला सांगितलं, की पोटुशीला झोपताना एका कुशीवर झोपव, दोन गुडघ्यांच्या मधे उशी दे, आणि घागर उचलताना श्वास कोंडू नको म्हणावं, फुंकर मारत उचल म्हणावं. मागचे प्रवासी ओरडत होते. कंडक्टर हातानं घंटीची दोरी धरून उभा होता आणि फुंकर मारून बघत होता.

तिची स्वतःची शिंक हा गल्लीतला कार्यक्रम होता. शिंक येणार असं वाटलं की ती वाहतूक पोलिसासारखा हात वर करायची. सगळ्यांनी थांबायचं. ती आतून आवळून घ्यायची, मग शिंकायची, मग सैल सोडायची, मग हात खाली घ्यायची आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. "आवळणं सगळ्यांना जमतं, सोडणं जमत नाही," असं ती म्हणे. हे ती माझ्याकडे बघून का म्हणायची, ते मला अजून कळलेलं नाही.

डोहाळजेवणाला ती साडी-चोळी नेत नसे. लाकडी चौरंग न्यायची. नव्या घरांमधून कमोड आले होते. पोटुशी बाई त्यावर पाय लोंबकळत ठेवून कुंथत बसते, आणि कुंथलं की सगळा जोर झोळीवर येतो. म्हणून पायांखाली घ्यायला हा चौरंग. एका घरी हे समजावून सांगायच्या आतच गाणी सुरू झाली. महिन्याभरानं बाई त्या सुनेला बघायला गेली, तर सासूनं चौरंगावर लाल कापड अंथरून गणपती बसवला होता, पुढे समई. बाईनं गणपतीला हात जोडले आणि सासूला चौरंग कशासाठी होता ते सांगितलं. सासूबाईंचा चेहरा मी बघितला आहे. दुसऱ्या दिवशी बाई दुसरा चौरंग घेऊन गेली. ह्या खेपेला त्यावर तेलरंगानं दोन पावलं काढली होती. सासू म्हणाली, "आता तर ही लक्ष्मीचीच पावलं दिसतात हो."

अशी ती. तिच्याबरोबर बाहेर पडायची मला लाज वाटायची, आणि न जावं तर काय काय बुडेल अशी उत्सुकताही वाटायची.

थंडीत नंदुरबारभोवतीच्या माळांवर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. ओली लाल मिरची मैदानभर पसरून वाळवायची. बायका रांगेत उकिडव्या बसून देठ खुडतात, पांढरी पडलेली मिरची निवडून बाजूला टाकतात. मी तिथे पत्रकं वाटायला निघाले होते. बाई म्हणाली, "मी येते. इतक्या बायका एकदम खोकताना मी कधी पाहिल्या नाहीत."

वारा फिरला की पथारीवर ठसका उठतो. एका टोकाला पहिली बाई खोकते आणि खोकला रांगेतून पुढे सरकत जातो. मी तोंडाला ओढणी लावून उभी होते. बाईनं माझा दंड गच्च धरला.

"तोंडं नको बघूस. गुडघे बघ, गुडघे."

मी पाहिलं. खोकल्याबरोबर रांगेतले गुडघे एकामागून एक मिटत होते.

अगदी टोकाला, बाकीच्यांपासून अंतर सोडून एक बाई बसली होती. पोट दिसण्याइतकं मोठं. मी तिच्याकडे निघाले तशी रांगेतली एक जण म्हणाली, "तिले तठेच बठू द्या, ताई. वास येस तिना." दुसरी हसली.

तिचं नाव रमिला. धडगावकडच्या डोंगरातली, घरी पावरी बोलणारी. आमच्याशी बोलताना तिची बोली अर्धी अहिराणी व्हायची. नवरा त्याच पथारीवर पोती उचलायचा. बाई तिच्याशेजारी मिरचीच्या धुळीत फतकल मारून बसली आणि सरळ विचारलं, "खोकलीस का लघवी गळस का?"

रमिला मान खाली घालून देठ खुडत राहिली. मग म्हणाली, "पहिलं आठव्यातच उनं, माय. नही वाचनं." आणि पोटावर हात ठेवून, "हाई टिकी ना?"

 बाईनं पिशवीतून सांगाडा काढला. रमिलानं तो हातात घेऊन उलटा करून पाहिला, झोळीत एक मिरची टाकली आणि पहिल्यांदा हसली.

"गळणं आणि पोर टिकणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या," बाईनं तिला सांगितलं. "गळतं म्हणून पोर पडत नाही. भिऊ नको. पण गळणं सोसायलाच पाहिजे असंही नाही. वारा फिरना का आवळ. खोकली ले. मंग सोड. पुरं सोड." आणि मुतताना हे करून बघायचं नाही, तिथे मोकळंच व्हायचं, हेही बजावलं. रांगेतल्या बायका खुडणं थांबवून ऐकत होत्या. जी हसली होती तिनं विचारलं, "लेकरं व्हयी गयात, तरी जमस का?"

"म्हातारीलाही जमस. मला बघ."

पुढच्या दिवसांत पथारीवर एक गंमत सुरू झाली. वारा फिरला की सगळी रांग क्षणभर स्तब्ध व्हायची आणि मग खोकायची. मुकादमाला वाटलं, मी संघटनेची काहीतरी खूण शिकवली आहे. तो माझ्याकडे संशयानं बघायचा. रमिला टोकावरून रांगेत सरकली होती. बायकांनी तिला मधे घेतलं होतं.

आणि मग एका सकाळी तिच्या नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर धरून आमच्या दारात आणलं. अंगात ताप, कंबरेत कळ, थंडीनं दात वाजत होते. बाईनं कपाळाला हात लावला आणि चप्पल पायात सरकवली. "हे माझं काम नाही, डॉक्टरचं आहे," म्हणाली, आणि रिक्षात तिच्याआधी चढून बसली.

लघवीतला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. पोट मधून मधून कडक होऊ लागलं होतं. सातवा महिना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, औषधं सुरू केली आणि आम्हाला बाहेर काढून सांगितलं, "कळा थांबायला हव्यात. बघू." बघू हा शब्द मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. रमिलाचा नवरा भिंतीला टेकून जमिनीवर बसला. त्याच्या कपड्यांना मिरचीचा वास येत होता आणि वॉर्डातली माणसं खोकत होती.

संध्याकाळी ताप थोडा उतरला तेव्हा बाईनं तिला विचारलं, "दिवसभर पानी काबर नही पेस तू?"

"पीसन जावानं कोठे?" रमिला म्हणाली. मग तिनं दोन्ही हात उलटे करून तळवे दाखवले आणि डोळे मिटले.

माळ उघडा, एका अंगाला रस्ता, ट्रक, ड्रायव्हर, वजनकाट्याशी बसलेली माणसं. बायका पहाटे घरून मोकळ्या होऊन येतात आणि अंधार पडेपर्यंत धरून ठेवतात. धरता यावं म्हणून पाणी पीत नाहीत. हे मला समजलं. माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळही तयार झाली. बाई मात्र त्या हातांपाशीच अडली होती. "हात का दाखवले तिनं?" तिनं मला जिन्यात विचारलं. जेवताना परत विचारलं. "जागा नाही हे कळलं. हात कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती पथारीवर कामाला बसली. मुकादम म्हणाला, "माय, तुमचं काय काम इथं?" ती म्हणाली, "तेच बघायला आले." दिवसभर देठ खुडले. मला दम दिला होता की आपण पाणी प्यायचंच, भरपूर. दुपार कलल्यावर ती वेड्या बाभळीच्या झुडपामागे गेली. मी ओढणी धरून आडोसा केला होता. जवळ पाण्याची लहानशी बाटली होती.

तिची किंकाळी वजनकाट्यापर्यंत गेली.

दिवसभर मिरची खुडलेल्या हातानं बाईमाणूस धुवायला जाते तेव्हा काय होतं, ते मी इथं लिहीत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मिरची आहे. बाई पाय फाकवून, डोळ्यांतून पाणी गाळत परत आली तेव्हा सगळी रांग पोट धरून हसत होती. एकीनं तिला तेलाची बाटली दिली. घरून प्रत्येक जण तेल आणते, पण ते संध्याकाळसाठी. ती म्हणाली, "माय, आते समजनं?"

"समजनं," बाई म्हणाली. त्या दिवशी तिनं पुढे एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर सांगाडा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. "मी त्यांना आवळायला शिकवलं," म्हणाली, "आणि सोडायला जागाच नाही. नुसतं धरणंच पक्कं झालं त्या पोरीचं."

मी म्हटलं, मोर्चा काढू. निवेदन देऊ. ती म्हणाली, "दे. पण आधी शेठला चहाला बोलव."

पथारीचा मालक साठीचा, गोड बोलणारा माणूस. बाईनं त्याचा गुडघा कधीकाळी बरा केला होता, म्हणून तो आला. तिनं त्याच्यापुढे त्याच्याच पथारीवरच्या मिरचीनं सुपडं भरून ठेवलं. "शेठ, माल कसा आहे सांगा. मला कळत नाही." मिरचीचा व्यापारी मिरची समोर असताना हात आवरू शकत नाही. त्यानं देठ खुडले, मिरच्या फोडल्या, बी चोळलं, बोटं हुंगली, रंगावर व्याख्यान दिलं. बाई ताक देत होती. ताकानंतर चहा. चहानंतर लिंबाचं सरबत.

"बाई, जरा बाथरूम..."

"हो हो, मागच्या अंगाला. कडी नीट लावा."

मी दाराबाहेर उभी. नळ तिनं सकाळीच बाहेरून बंद केला होता. आत साबण नव्हता. लोटाभर पाणी तेवढं ठेवलं होतं.

आधी काहीच आवाज नाही. मग शेठ कुणाला तरी हाक मारावी तसे आपल्या आईला हाक मारू लागले.

"शेठ," बाई दाराबाहेरून शांतपणे म्हणाली, "तुम्हाला निदान कडी आहे."

शेठ तेल न लावताच निघून गेले. जाताना तिच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता गाव सोडावं लागणार दोघींनाही. मी निवेदन घेऊन कचेरीत गेले, शिक्का मिळाला. दवाखान्यात रमिलाच्या कळा थांबल्या होत्या, पण डॉक्टरीणबाई अजून बघूच म्हणत होत्या. बाई रोज तिच्या उशाशी बसून पेला पुढे करायची. रमिला प्यायची, आणि प्रत्येक वेळी आधी दाराकडे बघायची, कुठं जायचं ते कळावं म्हणून.

आठवड्याभरात शेठ गवंडी घेऊन परत आले. बाईशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. "विचारा त्यांना, दार कोणत्या तोंडाला पाहिजे."

"वजनकाट्याकडे पाठ करून," बाई आतून ओरडली. "कडी आतून. नळ बाहेर, साबण बाहेर, तेल बाहेर. आधी हात, मग आत."

पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. सुरुवातीला मुकादमानं त्यांत रिकामी पोती भरली. बाईनं ती एकेक करून बाहेर ओढली आणि त्यांच्याच ढिगावर बसून राहिली, बायका आत जाऊ लागेपर्यंत. पहिल्या दिवशी कुणी जाईना. मग जी रमिलाच्या वासाला हसली होती, तीच उठली, हात धुतले, तेल चोळलं, परत धुतले, आत गेली आणि कडी लावली. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला माझ्या पत्रकांत शब्द नव्हता.

रमिला घरी आली ती पथारीवर परतली नाही. बाईनं तिच्या नवऱ्याला तशी शपथच घातली होती. दिवस पूर्ण भरून, दवाखान्यातच, मुलगी झाली. पुढे ती तिला घेऊन डोंगरात गेली. बाई आता लेकीकडे सुरतला असते. मीही ती खोली सोडली. आम्ही दोघी जायच्या आधी बाईला रमिलाचा फोन आला होता. डोंगरात रेंज एका टेकाडावरच मिळते, तिथून बोलत होती. मुलगी दूध पिते, रांगायच्या बेतात आहे. खोकल्यावर अजून थोडं गळतं, पण पूर्वीसारखं नाही, आवळते, सोडते. येत्या थंडीत पथारीवर यायचं आहे. मग तिनं विचारलं, "माय, कडी शे ना अजून?"

बाईला माहीत नव्हतं. तिनं मला बघायला पाठवलं. हंगाम संपला होता, माळ रिकामा होता. पत्रे उभे होते, नळ कोरडा होता, एका दाराची कडी उखडून कुणीतरी तिथे सुतळी बांधली होती. शेठ म्हणाले, हंगामाला बसवू. मी म्हटलं, आज. लोहार माझ्यासमोर आला, कडी बसवली, आणि मी आत जाऊन ती लावून पाहिली. मगच बाईनं, ठरल्या वेळी, डोंगरातल्या त्या टेकाडावर उलट फोन केला.

तुमच्या शेतात, दुकानात, कारखान्यात, शाळेत, बांधकामावर बायका कामाला येतात. त्यांच्यात आज एखादी पोटुशी असेल आणि सकाळपासून तिनं पाणी घेतलं नसेल. उद्या तिथे जा. संडास आहे का असं कुणाला विचारू नका, कारण उत्तर हो असंच येईल. हात धुवायला साबण आणि पाणी आहे का ते बघा, आत जा, दार ओढून घ्या आणि कडी लावून पाहा. लागत नसेल, तर लोहाराला बोलावल्याशिवाय घरी परतू नका.